भिंतीतली फट

सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. उद्या जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या विद्यापीठात माझं सादरीकरण, आणि ज्या फटीवर माझा सगळा प्रबंध उभा होता तीच दगा देत होती.

शहराजवळच्या खेड्यातलं मध्ययुगीन चर्च. जाड दगडी भिंती, बसका मनोरा आणि दक्षिणेच्या भिंतीत एक अरुंद, हातभर उंच फट. कुष्ठरोग्यांना आत घेत नसत, ते बाहेर उभं राहून या फटीतून वेदीवरची प्रार्थना बघत, असं माझं म्हणणं. अशा फटी इतरत्र सापडल्यात. ही दिसली तेव्हा मी नाचायचीच बाकी होते. वेशीबाहेर ठेवलेल्यांची मी नात, मला नाही तर कुणाला सापडणार?

आणि परवा लेझरच्या मोजणीने सांगितलं, फटीतून वेदी दिसतच नाही. मध्ये खांब येतो. खांब नंतरचा म्हणावा, तर भिंतीतला आणि खांबातला चुना एकाच काळचा. मी स्वतः डोळा लावून पाहिलं. खांबच.

मग डोक्यात आलं, त्या काळची माणसं बुटकी होती. उंचीने खांब बाजूला सरकत नाही, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण मन ऐकेना. आई माझ्याहून वीतभर बुटकी, आणि नुकतीच साताऱ्याहून आलेली.

"आई, कोट घाल. चर्चला जायचंय."

"आपण कशाला चर्चला?"

"चल गं, बसमध्ये सांगते."

तिला सगळं सांगून फटीपाशी उभं केलं आणि मी आत वेदीजवळ गेले.

"दिसते का?" मी ओरडले.

"दिसतेस की! निळा स्वेटर."

मला हर्षवायू व्हायचाच बाकी होता. पण मनात शंकेची पाल चुकचुकली. निळा स्वेटर तिने घरीच पाहिला होता. मी पाय न वाजवता सरकले आणि ज्या भिंतीत फट होती तिलाच पाठ लावून उभी राहिले. तिथे तर कुणालाच दिसणं शक्य नव्हतं.

"आता गं?"

"आत्ताही दिसतेस. छान दिसतेस."

मी तणतणत बाहेर आले. "खोटं का बोललीस?"

"रात्रभर येरझाऱ्या घालतेस क्रांती, मला बघवत नाही. एवढ्याशा भोकापायी तुझं शिक्षण वाया जायला नको."

"आणि मी उद्या सगळ्यांसमोर हेच खोटं सांगितलं असतं तर?" म्हणता म्हणता मला रडूच कोसळलं. "फट नाही तर काहीच नाही, आई. बाहेर कुणी उभं होतं याला पुरावाच नाही."

आईने पदराने माझं तोंड पुसलं. तिचाही आवाज चढला होता.

"आमच्या गावच्या देवळाला कुठं फट होती? चारी बाजूंनी दगड. म्हणून काय तुझे आजोबा बाहेर नव्हते?"

मी तिथूनच माझ्या गाइड रेंबोल्डबाईंना फोन लावला.

"फ्राउ प्रोफेसर, त्या फटीतून वेदी दिसत नाही. उद्या मी तसंच सांगणार आहे."

त्यांनी विचारलं, "मग तुमच्याकडे उरलं काय?"

मी वर बघितलं.

"भिंत," मी म्हटलं.