मिस्टेक ॲट लाइन थर्टी

शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा आधी खोली रंगवली गेली, खिडक्यांना जाड पडदे लागले, दारात पायपोस आला, आणि मग कुणीतरी विचारलं की शिकवणार कोण. भौतिकशास्त्राची एम.एस्सी. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. नागपूरला प्रशिक्षण घेऊन मी अड्याळच्या शाळेत परतले, ते साल शहाऐंशी. मशीनं दोन. अकरावीच्या मुलींचा तिसरा तास, मुलांचा चौथा.

प्रोग्राम लिहायची भाषा बेसिक. ती सोपी आहे, पण मशीनचं बोलणं सोपं नव्हतं. एखादा शब्द चुकीचा टाइप झाला, समजा 'प्रिंट'मधल्या आर आणि आय या अक्षरांची अदलाबदल झाली, तरी मशीन ती ओळ मुकाट्यानं ठेवून घ्यायचं. सगळा प्रोग्राम लिहून तो चालवायला सांगितला की मग पडद्यावर उमटायचं, 'मिस्टेक ॲट लाइन थर्टी'. तीस नंबरच्या ओळीत चूक. कुठल्या शब्दात, कसली, ते नाही.

"हा डब्बा त आपल्या मोठ्या सरासारखाच आहे जी," वर्गातली कुंता म्हणाली. "चुकलं म्हणते, का चुकलं ते नाही सांगत."

मुली हसल्या. शकुन हसली नाही. ती एकोडी गावची, इथं मामाकडे राहून शिकायची. गणितात वर्गात पहिली, आणि इंग्रजीत कशीबशी पास. ती पडद्यावरच्या त्या ओळीकडे टक लावून बघत बसली होती, जशी एखादी बाई भांडणाच्या आधी बघते.

मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक मारोतराव लांजेवार. ते तिसऱ्या तासाला दारात उभे राहायचे, आत यायचे नाहीत. दिवाळीच्या आधी त्यांनी मला बोलावलं.

"मॅडम, मुलींच्या तासाला तुमची मशीन मिस्टेकशिवाय काही बोलत नाही. सरकारी वस्तू आहे. सुट्टीनंतर ज्याला इंग्रजीत पन्नासच्या वर आहेत, तोच मशीनवर बसेल."

"मुलींत अशा दोघीच आहेत, सर."

"मग दोघींसाठी तास कशाला? तोही मुलांना देऊन टाकू."

मला वाद घालता येत नाही. बोलताना आवाज खाली जातो. मी सुट्टीसाठी खोलीची किल्ली मागून घेतली.

प्रोग्राम लिहायला मशीनमध्ये जे होतं, त्याला एडिटर म्हणणं जरा जास्तच होतं. टाइप केलेली ओळ घ्यायची आणि ठेवायची, इतकंच त्याचं काम. माणूस आणि बेसिक यांच्या मध्ये बसेल असा एक नवा एडिटर मी लिहायला घेतला. प्रत्येक ओळ तो घेतल्या घेतल्या तपासणार. ओळीतला प्रत्येक शब्द बेसिकच्या शब्दांच्या यादीत शोधणार. सापडला नाही तर ओळ गिळून टाकणार नाही. त्या शब्दाखाली बाण काढणार, कर्सर तिथंच नेऊन ठेवणार आणि मराठीत सांगणार.

मराठी अक्षरं मशीनमध्ये नव्हती, पण आपली अक्षरं घडवायची सोय होती. आठ ठिपके रुंद, आठ ठिपके उंच. आलेखाच्या कागदावर मी एकेक अक्षर बसवलं. वरची एक रांग मात्रांना, त्याखालची शिरोरेषेला. उरलेल्या सहा रांगांत अक्षर. 'न' सहज बसतो. 'ह' रडवतो. 'क'चं पोट भरून जातं आणि नुसता डाग दिसतो.

सुट्टी संपता संपता शकुन आणि कुंता गावाहून परतल्या. मी त्यांना मशीनवर बसवलं. शकुननं शब्द चुकवला. बाण आला, आणि शेजारी अक्षरं आली, 'चूक'.

"वा," कुंता म्हणाली, "आता मराठीत शिव्या देते."

शकुननं शब्द नीट केला. ओळ पुढं गेली. ती माझ्याकडे वळली.

"मॅडम, मी वर्गात काही बोलली अन् तुमाले ते समजलं नाही, त तुमी का म्हणता?"

"समजलं नाही म्हणते."

"मले चूक काहून नाही म्हणत?"

"मला समजलं नाही म्हणजे तू चुकलीस असं होत नाही."

"मंग याले काहून म्हणू देता?"

मी तिच्याकडे बघितलं. तिचं बरोबर होतं, आणि ते नुसतं दयेच्या अंगानं बरोबर नव्हतं. मशीनला चूक कळतच नाही. शब्द यादीत सापडला की नाही, एवढंच त्याला कळतं. त्यापलीकडचं त्यानं बोलणं म्हणजे पुराव्याशिवायचा निष्कर्ष. त्या दुपारी मी 'क' काढून टाकला, दुसरी अक्षरं बसवली, आणि मशीन म्हणू लागलं, 'समजलं नाही'.

सुट्टी संपली, आणि सरांचा नियम लागू व्हायच्या आतच, आठवड्यात मुलींचे प्रोग्राम चालू लागले. शकुनचा प्रोग्राम धान किती ते विचारायचा आणि तांदूळ किती निघेल ते सांगायचा. तो चालला त्या दिवशी लांजेवार सर पहिल्यांदा पायपोस ओलांडून आत आले. शेजारच्या पडद्यावर 'समजलं नाही' आलं होतं, तिथं वाकले.

"हे काय? मशीन काहून पोरींची माफी मागून राहिली?"

"माफी नाही, सर. विधान आहे."

"चूक म्हणजे चूक. उद्या परीक्षेत पेपर तपासणारा लिहील का, मला समजलं नाही?"

"खरं तर कधी कधी लिहायला पाहिजे, सर."

त्यांनी चष्मा काढला. "शनिवारी भैय्याजी येत आहेत मशीनं बघायला. त्यांच्यासमोर हे दिसायला नको. आणि सोमवारपासून मी सांगितलं तसं. पन्नासच्या वर."

मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. सरांनी त्याचा अर्थ हो असा घेतला.

भैय्याजी आमच्या संस्थेचे अध्यक्ष, दोन भातगिरण्यांचे मालक. शनिवारी ते चप्पल दारात काढून आले. सरांनी पहिल्या मशीनवर एका मुलाला बसवलं. त्यानं पाठ केलेला प्रोग्राम धडाधड लिहिला, पडद्यावर ताऱ्यांचा त्रिकोण आला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"मी बसू का?" भैय्याजींनी विचारलं.

मशीनसमोर पहिल्यांदा बसलेला माणूस काय टाइप करतो ते मी ओळखून होते. तो आपलं नाव लिहितो. भैय्याजींनी एका बोटानं, एकेक अक्षर शोधत आपलं नाव लिहिलं. सरांनी अदबीनं पुढं होऊन एंटर दाबलं.

'मिस्टेक'.

भैय्याजी मागं वळले.

"माझ्या नावात का मिस्टेक आहे जी, मारोतराव?"

"नाही, नाही, भैय्याजी... ते मशीनचं... ते इंग्रजी आहे."

"दुसऱ्यावर लिहून बघा," मी म्हणाले. दुसऱ्या मशीनमध्ये माझा एडिटर मी सकाळीच कॅसेटवरून चढवून ठेवला होता. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी खुर्ची ओढून दिली.

भैय्याजींनी पुन्हा तेवढ्याच कष्टानं नाव लिहिलं. नावाखाली बाण आला, शेजारी अक्षरं.

"समजलं नाही," त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि मांडीवर थाप मारली. "हा बरा! माझ्या जावयापेक्षा बरा. त्याले काहीच समजत नाही, पण कबूल नाही करत."

मग शकुननं तिचा प्रोग्राम दाखवला. तांदळाचा आकडा बघून ते म्हणाले, "पोरी, हे गिरणीवर आणू नको, बापा," आणि हसत हसत जीपमध्ये बसून निघून गेले. तासांचं त्यांनी काही विचारलं नाही. कुणी सांगितलंही नाही.

जीपची धूळ खाली बसायच्या आत सर म्हणाले, "अध्यक्षांसमोर मला तोंडघशी पाडलं तुम्ही."

"मशीननं पाडलं, सर."

"सोमवारपासून मुलींचा तास नाही. लेखी पाहिजे?"

"नको. मला ऐकू आलं."

सोमवारी दुसऱ्या तासाची घंटा झाल्यावर मी वऱ्हांड्यात उभी राहिले आणि अकरावीच्या मुलींना म्हणाले, "चला, तिसरा तास." माझा आवाज खालीच होता, पण पोहोचला. त्या चपला काढून आत आल्या, एका स्टुलावर दोघी-दोघी बसल्या. शकुन पहिल्या मशीनवर.

सर आले. "उठा."

कुणी उठलं नाही.

"शकुन कापगते, इंग्रजीत किती मार्क तुला?"

"अडतीस, सर."

"अडतीस. आणि मशीनवर बसली."

"हो जी. पण मशीनले मराठीत किती?"

मागून कुंताचं हसू फुटलं, मग सगळ्यांचं. सर वळले, वऱ्हांड्यात गेले आणि मेन स्विच खाली केला. मशीनचे पडदे काळे झाले. पंखा फिरत फिरत थांबला. मशीनमध्ये जे लिहिलं होतं ते सगळं गेलं. वीज गेली की मशीनला काही आठवत नाही.

"आता बसा," सर म्हणाले.

"बसतो," कुंता म्हणाली. तिनं उठून खिडक्यांचे जाड पडदे सर्रकन बाजूला केले. मशीनं आल्यापासून ते कधी उघडलेच नव्हते. बाहेर शेतात कापून रचलेल्या धानाचे पुंजणे उभे होते, आणि खोलीत इतका उजेड आला की फळा वाचता येत होता.

"मी मशीन," कुंता फळ्यासमोर उभी राहिली. "लिवा ओळी."

मुली वहीत ओळी लिहून वाचू लागल्या. कुंता प्रत्येक ओळीवर डोळे मिटून विचार करायची आणि अर्ध्या ओळींना म्हणायची, "समजलं नाही, माय!" मग दोघीतिघी मिळून ती ओळ फोडायच्या, पुन्हा बांधायच्या. मी खडू घेऊन बाजूला उभी होते. इतका चांगला तास मी त्याआधी घेतला नव्हता, आणि तो मी घेतलाही नव्हता.

घंटा झाली. मुलं दारात येऊन उभी राहिली.

"झाला तुमचा तास. उठा," सर म्हणाले.

"आमची पाळी कुठं झाली जी?" शकुन म्हणाली. "मशीन बंद होती."

"तुझ्या मामाला बोलावू?"

"बोलवा. खळ्यावर धानाच्या चुरन्यात आहे, संध्याकाळी येईल. तवरी आमी इथंच."

सर माझ्याकडे वळले. "मॅडम, मी मेमो देईन."

"द्या, सर. त्यात तास लिहा. तिसरा, अकरावी, मुली. विषय, कॉम्प्युटर. स्विच कोणी बंद केला तेही लिहा."

माझा आवाज तेव्हाही वर गेला नाही. पण दारातली मुलं गप्प झाली होती, त्यामुळं तो वऱ्हांड्याच्या टोकापर्यंत गेला असावा, कारण बाकीच्या वर्गांतले शिक्षक बाहेर येऊन बघू लागले. मुली तशाच बसल्या होत्या. घामानं त्यांच्या ब्लाउजच्या पाठी ओल्या झाल्या होत्या. वेळ जात होता. शेवटी मुलांतला एक हळूच म्हणाला, "सर, आमचा बी तास जाऊन राहिला."

"मग यांना उठव," सर ओरडले.

मुलानं आत बघितलं, शकुनकडे बघितलं, आणि पाय मागं घेतला. "त्या नाही उठत, सर. तुमीच लाइन चालू करा नं."

सर बराच वेळ स्विचजवळ उभे होते. मग त्यांनी तो वर केला. पंखा फिरू लागला. मी कॅसेट लावली. तिचा किरकिर आवाज सुरू झाला. एडिटर पूर्ण चढेपर्यंत थांबावं लागतं. सगळे थांबले, मुलं, मुली, शिक्षक, सर.

"किती वेळची पाळी?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

"चाळीस मिनिटं."

"झाली की उठवा त्यांना."

"पूर्ण झाली की," मी म्हणाले, आणि मुलांना वऱ्हांड्यात बसायला सांगितलं.