दातेरी रेषा

“हे दाते बघा, गोडेलिव्ह. एक ओळ पुढं, एक मागं. तुमचं पाऊल चुकलंय,” संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवत लीव्हन म्हणाला. मोजणीचा तो प्रमुख होता.

फ्लँडर्समधल्या त्या बीटच्या शेताखाली शंभर वर्षांपूर्वीच्या लढाईचा खंदक बुजला होता. न खणता तो शोधायचा, तर पुरलेलं लोखंड आणि उकरलेली माती ओळखणारं यंत्र घेऊन दोरीच्या कडेनं चालायचं. एक ओळ जाताना मोजायची, पुढची येताना. दर मीटरला पाऊल यंत्राच्या ‘टुक्’बरोबर पडलं पाहिजे, नाहीतर जातानाची ओळ एकीकडे, येतानाची दुसरीकडे सरकते आणि नकाशात सरळ रेषेलाही दाते फुटतात.

गोडेलिव्ह सदुसष्ट वर्षांची. निवृत्तीनंतर हौसेनं या कामात आलेली. अंगावर लोखंडाचा कण नको म्हणून नाडीची विजार आणि रबरी बूट घालून निघाली, की शेजारणी तोंड दाबून हसायच्या.

“चिखल होता, वयही झालं,” लीव्हन म्हणाला. “उद्यापासून तुम्ही दोरी धरा. शेताच्या या तुकड्याची मोजणी रद्द करतो.”

“रद्द? अरे, चौतीस वर्षं या गावात पायी टपाल वाटलंय मी. लोक माझ्या पावलांवर घड्याळ लावायचे!”

“यंत्राला तुमचं टपाल कुठं ठाऊक?”

“मग त्यालाच विचारू. जाता-येता दोन्ही वेळा मोजलं, म्हणून दाते पडले म्हणतोस ना? आता एकाच दिशेनं मोजते. चूक माझी असेल तर सगळ्या ओळी एकाच बाजूला सरकतील, दाते जातील. राहिले, तर ते जमिनीचे. गेले, तर दोरीच काय, तुझा कॉफीचा थर्मासही धरीन.”

चाळीस ओळी. प्रत्येक वेळी यंत्र बंद करून परत मागं यायचं, म्हणजे चाल दुप्पट. गुडघा ठणकत होता, पण लीव्हन शेजारून चालत होता, म्हणून तिनं चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. टुक्, पाऊल. टुक्, पाऊल.

दुपारी पडद्यावर नकाशा उमटला. दाते तिथंच होते, एकही हललेला नव्हता.

लीव्हननं पडद्यावर बोट ठेवून एकेक दाता मोजला. मग हळूच म्हणाला, “हे दाते म्हणजे खंदकाच्या भिंतीत कोरलेले कोनाडे. एकेका सैनिकाला पाऊस चुकवून बसण्यापुरते. अठरा आहेत. कुठल्याच जुन्या नकाशात नाहीत हे.”

“आणि माझं पाऊल?”

“चुकलं माझंच.” त्यानं त्या तुकड्याच्या कागदावर ‘चालणारी’पुढं तिचं पूर्ण नाव लिहिलं, एरवी नुसती आद्याक्षरं असत.

गोडेलिव्हची मान ताठ झाली. “किती रुंद रे एकेक?”

“दीड फूट.”

ती शेतात पहिल्या कोनाड्याच्या जागी गेली. दोन्ही बूट जुळवून उभी राहिली. बाजूला जेमतेम एक वीत उरली.

“दमलात. बसा जरा,” लीव्हननं घडीची खुर्ची पुढे केली.

“इथं नको,” ती म्हणाली आणि उभीच राहिली.