उंच गळ्याचे बूट

एकट्या बाईच्या दाराबाहेर पुरुषाचे बूट दिसावेत, हा सल्ला शेजारच्या गोदाबाईंचा. मुलगा सौरभ नोकरीसाठी जर्मनीला गेला तेव्हा नंदाताईंनी त्याचे कॉलेजातले बास्केटबॉलचे बूट काढून दाराबाहेर ठेवले. घोट्याच्या वर जाणारे, लालभडक. तो ते घालून उतरला की सबंध जिना दणाणायचा. चोर घाबरले की नाही कोण जाणे, नंदाताईंची मात्र भलतीच सोय झाली. भाजी घेऊन वर येताना जिन्याच्या वळणावरूनच बुटांचे लाल गळे दिसत आणि क्षणभर वाटे, आला वाटतं सौरभ! तेवढ्यावर त्यांचा दिवस निघायचा. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. कोथरूडमध्ये असलं काही बोललं की लोक लगेच हास्यक्लबात नाव घालतात.

तीन वर्षांनी सौरभ आला, तोही चार दिवसांसाठी. दारातच त्याने जुना बूट उचलला, तर तळाचा भुगा होऊन खाली पडला.

"आई, हे अजून ठेवलेयस? कचरा झालाय याचा." त्याने जोड तिथल्या तिथे कचऱ्यात टाकला आणि पायातला नवा बूट काढून आईच्या हातात दिला. "हा बघ. तेच मॉडेल, पण लाइट. रोज वापरायला. कसा वाटतो?"

नंदाताईंनी तो तळहातावर तोलला. गळा कापलेला, कापड पातळ. "दुधाची पिशवी जड लागेल रे याच्यापेक्षा."

"तोच तर पॉइंट आहे!"

तो आंघोळीला गेल्यावर खरी परीक्षा झाली. नंदाताईंनी नवा जोड जुन्याच्या जागी ठेवला, वळणापर्यंत उतरल्या आणि वर पाहिलं. कठड्याआड बूट पार बुडाले होते. दोन पायऱ्या चढल्यावर कुठे त्यांचे शेंडे दिसले. बूट नापास.

तरी निघायच्या दिवशी त्यांच्याने राहवलं नाही. "हे ठेवून जातोस का?" दोन पायऱ्या उशिरा दिसले असते, तेही चाललं असतं.

"आणि मी विमानात काय अनवाणी बसू? आई, तुला सेफ्टीचीच काळजी आहे ना? थांब." त्याने बाजारातून कॅमेरा आणून दारावर बसवला. इतक्या मायेने बसवला की त्यांना नको म्हणवेना.

तो गेला. दार सुरक्षित झालं आणि ओकंबोकं. सवयीने नंदाताई वळणावर थांबत, वर बघत, आणि त्यांना भडभडून येई.

आठवड्याने सौरभचा फोन आला. "आई, कॅमेऱ्यात बघतो मी. वर येताना तू रोज वळणावर थांबतेस. दम लागतो का? डॉक्टरांना दाखवून घे."

"हो रे," नंदाताई म्हणाल्या, "लागतो थोडा."