पहिला घोट

प्लंबरच्या किडन्या थकल्या आणि डॉक्टरांनी त्याच्या दिवसभराच्या पाण्याला हद्द घातली: एक छोटी बाटली, बस. ज्याने अर्ध्या गावाच्या घरांत पाणी खेळवलं, त्याच्याच घशाला कोरड. देवाची लीला म्हणावी तर तोंड कडू होतं, न म्हणावी तर दुसरं म्हणायला आहे काय?

बायकोने त्यातून वाट काढली. बाटलीतलं पाणी ट्रेमध्ये ओतून ती बर्फाचे खडे करायची आणि एकेक खडा अंतराअंतराने त्याच्या जिभेवर ठेवायची. त्याच्या चेहऱ्यावरून तिने एक ओळखलं होतं. पहिल्या घोटाला माणसाला देव भेटतो, दुसऱ्याला शेजारी, तिसऱ्याला नुसतं पाणी. मग दिवसभर पहिलाच घोट का देऊ नये?

पण घड्याळाकडे बघून बघून तिचे डोळे शिणले होते.

"अहो, आत्ताच तर दिला."

"तुझं आत्ता सकाळी झालं."

स्वतःला तहान लागली की ती स्वयंपाकघराचं दार लावून प्यायची.

त्या दिवशी लेक आली, तेव्हा आईचा बसल्या बसल्या डोळा लागला होता. बाबांचे फुटलेले ओठ लेकीला बघवेनात. तिने ट्रेमधला सगळा बर्फ वितळवून त्यांच्या हाती दिला. "बाबा, एकदा पोटभर प्या."

आई जागी झाली तेव्हा तो पीतच होता. पहिल्या ग्लासाला त्याचे मिटलेले डोळे पाझरले होते, गाल अजून ओले होते. दुसरा मात्र तो खिडकीबाहेर बघत, ओतलाय म्हणून संपवत होता.

"काय केलंस गं हे?"

"मन भरलं त्यांचं. तुझं ते रेशन बघवत नाही, आई."

"मन दोन घोटांत भरतं. संध्याकाळी घसा मागेल तेव्हा काय देऊ, तुझी माया?"

दुपार उतरली तशी त्याची जीभ टाळूला चिकटू लागली. लेक नळाकडे धावली. आईने तिचा हात धरला. मागे तो असंच चोरून जास्त प्यायला, तेव्हा पाणी छातीत भरून रात्रभर श्वासाला झगडला होता. लेक रिकाम्या ट्रेजवळ जाऊन बसली.

आईचाही घसा सुकला होता. ती आत गेली, दार लोटलं, नळाची बारीक धार सोडली.

"अगं," बाहेरून हाक आली, "वायसर गेलाय त्या नळाचा. तू कधी पितेस, किती पितेस, सगळं इथे ऐकू येतं मला. रोज."

ती ग्लास धरून दारात थिजली.

"चोरासारखी काय पितेस? इथे बसून पी."

"तुम्हाला त्रास होईल."

"तो आहेच. सोबत तरी होईल."

ती त्याच्या उशाशी बसली आणि प्यायली. इकडे त्याच्या कोरड्या घशाची घाटी हलली.

"कसं आहे?"

"गार," ती म्हणाली. मग थांबून, "गोड."

"आणखी एक घे." तिने घेतला. "आता?"

तिला खोटं बोलायचा कंटाळा आला होता. "आता पाणी आहे."

तो कित्येक महिन्यांनी हसला. "मग पुरे. उरलेलं त्या कुंडीला घाल."

लेकीने उठून ट्रे धुतला आणि उद्याची बाटली त्यात ओतली.