‘इतर’मध्ये राहिलेलं भात

सौंदर्यानं पडद्यावरच्या फॉर्ममध्ये गावाच्या चौकटीत ‘तिरुनीलक्कुडी’ निवडलं, आणि शेजारची भाताच्या वाणांची यादी आपोआप आखडली. पासष्टाचे अकरा झाले. मागं उभे असलेले बियाणे संघाचे चिटणीस सतीशकुमार चष्मा पुसत होते.

"आता आडुतुरै गाव घ्या," ते म्हणाले.

तिनं घेतलं. यादी बदलली, एका सुपातलं भात दुसऱ्यात सरकावं तशी.

कुंभकोणमच्या या कचेरीत नऊ वर्षं वाणांची यादी फॉर्ममध्येच कोंडलेली होती, बदलता न येणारी. नवं नाव आलं की वाण म्हणून ‘इतर’ निवडायचं आणि खरं नाव शेऱ्यात लिहायचं. शेरे कुणी वाचत नसे. तीन महिने खपून सौंदर्यानं स्वतः कोड लिहिला. यादी आता वेगळ्या ठेवलेल्या नोंदींच्या तक्त्यातून भरायची; नसलेलं नाव आलं तर फॉर्म विचारून ते यादीत घ्यायचा; आणि ज्या चौकटी भरल्या असतील तेवढ्यांवरून शोधाची क्वेरी, म्हणजे संगणकाला विचारायचा प्रश्न, आपोआप जुळायची. आज या हंगामातलं बियाणं नोंदवायचा पहिला दिवस. शेतकऱ्यांसमोर फॉर्म अडखळला, तर सोमवारपासून त्याच्या जागी चेन्नईच्या कंपनीचा प्रोग्राम येणार होता.

कपाटाआडच्या बाकावर तिचे वडील व्यंकोजी तिचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. भाताच्या शेतांवर मुकादमी करण्यात त्यांचा जन्म गेला. कुठल्या गावात कुठलं भात, हे त्यांनीच तिला भाजी चिरता चिरता सांगितलं होतं.

"तुझ्या पेटीला भाताचा वास तरी येतो काय गे?" त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या इथं जपलेल्या घरच्या जुन्या मराठीत विचारलं.

"तुम्हांला येतो तेवढा पुरे, अप्पा. गप्प बसा."

रांगेत पहिली होती तिरुनीलक्कुडीची सुब्बलक्ष्मी. तिनं पदराची गाठ सोडली आणि मूठभर तांबूस दाणे मेजावर पसरले.

"वाण कुठलं, अम्मा?" सौंदर्यानं तमिळमध्ये विचारलं.

"व्यंकोजी भात."

सौंदर्याची बोटं थांबली.

"असलं नाव आहे?" सतीशकुमार पुढं झुकले.

"आमच्याकडं तर हेच म्हणतात. पुरात सगळं शिवार झोपलं होतं. एका मराठी मुकादम अय्यानं चिखलात उतरून, उभ्या राहिलेल्या सात लोंब्या वेचल्या नि माझ्या ओंजळीत घातल्या. मग आम्ही त्याचंच नाव घेतो. दुसऱ्या कुणाचं घ्यायचं?"

कपाटाआड डब्याचं झाकण वाजलं.

सौंदर्यानं नाव टंकलं. पडद्यावर प्रश्न आला: हे नाव यादीत नाही. घालायचं का?

"बघू या," सतीशकुमार म्हणाले.

तिनं ‘हो’ दाबलं. नाव यादीत आपल्या जागी जाऊन बसलं. पण कोड तिथं थांबणार नव्हता. नवं नाव आलं की ‘इतर’मधले सगळे जुने शेरे चाळायचे, असं तिनंच त्याला सांगून ठेवलं होतं. खोट्या नावांवर ते चाललं होतं. खऱ्या नावावर ही पहिलीच वेळ.

पडदा कोरा राहिला. सतीशकुमारांनी घड्याळ पाहिलं. सुब्बलक्ष्मी दाणे बोटांनी एकत्र करू लागली.

मग जुन्या शेऱ्यांच्या ओळी उमटल्या, प्रत्येकीत ‘व्यंकोजी भात’. तिरुनीलक्कुडी. तिरुक्करुगावूर. पुन्हा तिरुनीलक्कुडी. आडुतुरै. एकाखाली एक, रोपं लावत जावीत तशा. सात गावं, एक्केचाळीस शेतकरी, नऊ वर्षं.

सतीशकुमारांनी चष्मा चढवून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. "चेन्नईला नको म्हणून कळवतो," ते म्हणाले. आणि दाराकडं वळून, "पुढचे या!"

सौंदर्यानं खुर्ची वळवली.

"अप्पा, हें तुम्हीं मला कधीं सांगितलें नाहीं."

"सात लोंब्या त्या. त्यांत सांगायचें काय?"

आवाजासरशी सुब्बलक्ष्मी वळली, आणि कपाटाआडून उठलेल्या म्हाताऱ्याकडं बघतच राहिली. मेजावरचे दाणे तिनं पुन्हा मुठीत घेतले. व्यंकोजींपुढं ओंजळ धरली. त्यांनी एक दाणा उचलला, दातांखाली फोडला, आणि मान डोलावली.

मग डबा काखेत धरून ते लेकीच्या खुर्चीमागं आले.

"गांवांचीं नांवें नीट दिसलीं नाहींत मला. पुन्हा एकदां उघड पाहूं."

रांगेतल्या माणसाला सौंदर्यानं हातानंच थांबायची खूण केली. तिनं सगळ्या चौकटी रिकाम्या केल्या आणि वाणांची यादी उघडली. या वेळी ‘व्यंकोजी भात’ टंकावं लागलं नाही.