मर्व्हची लाल चिंधी

मी मर्व्हची गाडी बोलतेय. दोन माणसांपुरती, बुटकी, उघड्या टपाची, हिरवी. वय पन्नाशीपुढे. मला कुणी "किती गोड" म्हटलेलं खपत नाही. मी गोड नाही. वळणावर जमीन घट्ट धरून पळायला मला बनवलंय.

माझा पहिला मालक होबार्ट शहरातला दातांचा डॉक्टर. दोन वर्षं मिरवलं आणि कंटाळला. मग ह्युऑन खोऱ्यातल्या एका सफरचंदांच्या शेडमध्ये अकरा वर्षं पडून होते. कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालायच्या. मर्व्हनं बोटीचं जुनं इंजिन देऊन मला आणलं. त्याच्या बायकोनं, आयलीननं, माझ्याभोवती एक फेरी मारली.

"मर्व्ह, हिला तुझ्यापेक्षा जास्त गंज चढलाय," म्हणाली, आणि बादली घेऊन कोंबड्यांची घाण धुवायला बसली. त्या दिवसापासून मी या घरची.

आता दुखणं सांगते. माझी चाकं लोखंडी हातांनी धरलेली असतात. ते हात अंगाला जोडलेत तिथे रबराचे बुश, म्हणजे जाड कडी, असतात. रबर म्हातारं झालं की तडकतं, मग मी सरळ रस्त्यावरही बाजूला ओढते. दर आठ-दहा वर्षांनी मर्व्ह बुश बदलायचा. त्यात एक मेख आहे. गाडी वर टांगलेली असताना नट पक्के आवळले, तर खाली उतरवल्यावर रबर पिळून निघतं आणि वर्षात फाटतं. म्हणून नट आधी नुसते हातानं लावायचे. गाडी चाकांवर उतरवायची. माझं वजन माझ्या पायांवर आलं की मग पाना लावायचा.

तेवढा वेळ मी सैल. म्हणून मर्व्ह स्टिअरिंगला लाल चिंधी बांधायचा, आयलीनच्या जुन्या झग्याची. चिंधी आहे तोवर किल्लीला हात नाही. आणि चिंधी सुटली तरी आयलीन दारात उभी राहून विचारायचीच, "आवळलंस का रे?"

"चाळीस वर्षं हेच करतोय मी."

"म्हणूनच विचारते."

आयलीन जाऊन तीन वर्षं झाली. आता कुणी विचारत नाही.

मागच्या हिवाळ्यात त्यांची मुलगी आली, लिनेट. शाळेची बस चालवते, तोंडानं फटकळ. बापाशेजारी बसून माझ्यातून एक चक्कर मारली आणि त्याला म्हणाली, "बाबा, ही खेकड्यासारखी चालते. आणि त्या वळणाला तू पार पलीकडच्या बाजूला गेलास."

"गाडीनं ओढलं."

"गाडीनं? काल किटली गॅसवर कोरडी जळली, तीही गाडीनंच का?"

मर्व्हनं बाहीनं माझं बॉनेट पुसलं. मग म्हणाला, "बुश बदलतो."

"बदल. पुढच्या रविवारी मला सिग्नेट गावाला नेऊन आण. नीट नेलंस तर लायसन्सचा विषय मी काढणार नाही. नाहीतर किल्ली माझ्याकडे."

सहा दिवस तो माझ्याखाली पाठीवर पडून होता. पाना कुठे ठेवला ते विसरायचा, पण बोटांना सगळं आठवत होतं. एकही काम वेडंवाकडं नाही. शनिवारी दुपारी त्यानं मला चाकांवर उतरवलं. नट हातानंच लावलेले, चिंधी स्टिअरिंगला. पाना उचलला आणि थंडीनं नाक वाहायला लागलं. खिसे चाचपले, रुमाल नव्हता. चिंधी सोडली, नाक पुसलं, खिशात टाकली, चहा प्यायला आत गेला.

परत आला तर स्टिअरिंग मोकळं. माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "झालीस तयार, म्हातारे."

मला तोंड असतं तर त्याला चांगलंच झापलं असतं.

रविवारी निघालो. लिनेट ठेवणीतला कोट घालून शेजारी बसली. उतार लागला आणि डाव्या चाकाचा नट मागं सरकायला लागला. मी वाजले तर मर्व्ह मला गमावणार. नाही वाजले तर तिघंही खड्ड्यात. पण लोखंडाला गप्प बसता येत नाही. टक्. टक्. टक्.

"बाबा, काय वाजतंय?"

"रस्ता खराब आहे." त्याला ती टकटक ऐकूच येत नव्हती.

"थांब. बाबा, आत्ता थांब."

एका बागेच्या फाटकाशी तो थांबला. लिनेट कोटासकट खडीवर आडवी झाली. "नट टोकाला आलाय. बोटानं फिरतोय."

"शक्यच नाही. आवळल्याशिवाय मी चिंधी सोडत नाही." खिशात हात घातला आणि हातात चिंधी आली. त्यानं ती उलटसुलट करून पाहिली.

मला वाटलं, आता लिनेट त्याला धुऊन काढणार. ती एवढंच म्हणाली, "पाना कुठंय?"

"सीटमागं. वजन चाकांवर आहे, बरोबर आहे. आधी आतला घे. अजून. अजून थोडा. बास."

एकेक करून सगळे नट तिनं आवळले. तो सांगत होता आणि त्याचा आवाज जराही अडखळत नव्हता.

"शिकवतोस बरं," ती म्हणाली.

"तुझी आई पटकन शिकली होती. तू नुसती दांडगट."

ती हसली, मग ग्रीसनं काळ्या झालेल्या हातानंच डोळे पुसले. उभी राहिली तेव्हा किल्ली बॉनेटवर ठेवलेली होती आणि मर्व्ह तिच्या जागेवर जाऊन बसला होता.

परतताना लिनेटनं मला चालवलं. प्रत्येक वळण मी रुळावर असल्यासारखं घेतलं.

"काम चांगलं केलंस, बाबा."

"काम चांगलंच आहे," तो म्हणाला.

घरी आल्यावर त्यानं चिंधी पुन्हा स्टिअरिंगला बांधली.

"बाबा, सगळे नट आवळलेत की."

"मला माहीत आहे," म्हणाला आणि गाठ आणखी ओढली.

तेव्हापासून मी शेडमध्येच. नवं रबर अंगात आहे आणि बसून बसून कडक होतंय. मर्व्ह रोज सकाळी येतो, सीटवर बसतो, चिंधीला हात लावतो. "आवळलंस का रे?" स्वतःलाच विचारतो, आणि दाराकडे बघतो.

माझं जाऊ दे. तुमच्या घरी असा कुणी असेल तर त्याच्या हातातला पाना काढून घेऊ नका. दारात उभं राहून विचारा. चिडेल, चिडू दे. रोज विचारा.