कवळीची परीक्षा

बाबांचे सगळे दात काढून चार महिने झाले, कवळी बसवून पंधरा दिवस. तेवढ्या काळात त्यांनी घराबाहेर एक घास खाल्ला नाही. हा आयुष्यभर रात्रीची शेवटची बस चालवलेला माणूस! बस डेपोत लावली की ग्रिलच्या दुकानात सोबत्यांबरोबर तुर्की कबाबचा रोल खायचा, निवृत्तीनंतरही एक शुक्रवार चुकवला नाही. आणि आता? "चारचौघांत कवळी निसटली तर काय तोंड दाखवू?" म्हणत घरी सूप पीत बसलेला. मी तरी किती दिवस ऐकून घ्यायचं! आज शुक्रवार. म्हटलं, "उठा बाबा. कोपऱ्यात बसून खाऊन बघू. जमलं तर मित्रांच्या टेबलावर जा, नाहीतर गुपचूप घरी. पण हे रडगाणं पुरे."

रात्रीचे साडेअकरा, तरी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. उभ्या सळईवर मांस फिरत होतं आणि कारागीर लांब सुरीने भराभर काप पाडत होता. मागच्या टेबलावर बाबांची मंडळी खिदळत होती. बाबांनी मुद्दाम तिकडे पाठ केली. मी कोपरं मारत काउंटर गाठलं आणि दोन रोल आणले.

"गरम आहे. छोटा घास घ्या."

"मला शिकवू नकोस. तुला पहिला घास मी भरवलाय."

आणि हट्टाने जबडा वासून भलामोठा लचका तोडायला गेले. पोळी चिवट. बाबांनी ओढलं, पोळी काही सुटेना, आणि वरची कवळी रोलमध्ये रुतून बाहेर!

बाबांनी झटकन तोंडावर हात धरला. त्यांचे डोळे भरून आले. कुठून मला अवदसा आठवली आणि यांना ओढून आणलं!

"घरी चल," ते पुटपुटले.

तेवढ्यात कंडक्टरकाका समोर येऊन उभे. बाबांच्याच बसमध्ये वीस वर्षं तिकिटं फाडलेले. त्यांनी रोलकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, खुर्ची ओढून बसले. मग तोंडात बोटं घातली आणि स्वतःची कवळी काढून ट्रेमध्ये ठेवली. वरची, खालची, दोन्ही.

"नऊ वर्षं झाली," ते बोबडं बोलले.

बाबांनी तोंडावरचा हात काढला. "नऊ? अरे लबाडा, माझ्यासमोर बसून रोल हाणायचास की!"

"हाणतोय कुठला! आतलं मांस खायचो. पोळी खिशात घालायचो, कुत्र्यांसाठी."

"तरीच मेली घरापर्यंत तुझ्यामागे यायची!"

आणि बाबा हसले. तोंडाचं बोळकं उघडं टाकून, पोट धरधरून, अख्खं दुकान वळून बघेपर्यंत. मग दोघं कवळ्या धुवायला गेले आणि परतले ते थेट मागच्या टेबलावर. मी कोपऱ्यात एकटी. मला साधं बोलावलंसुद्धा नाही.

इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!